सर्वनाम, नाम आणि क्रियापद : विद्यापीठीय गोळीबारातील मृतांच्या स्मरणाची भाषा

१. प्रास्ताविक

विद्यापीठाच्या परिवारातील कोणी निवर्तले की शोकप्रस्तावाचा मसुदा करण्याचे काम बहुधा भाषा विभागाकडे येते. त्या मसुद्याची भाषा आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. ‘दुःखद निधन’, ‘काळाने घाला घातला’, ‘कधीही भरून न येणारी पोकळी’, ‘मृतात्म्यास चिरशांती लाभो’ अशी तिची ठरलेली वळणे आहेत. मसुदा वाचला जातो, दोन मिनिटे स्तब्धता पाळली जाते आणि सभा विसर्जित होते. मृत्यू वार्धक्याने वा आजाराने आलेला असतो तेव्हा ही ठरीव भाषा आपले काम चोख करते. ज्याला शब्द सुचत नाहीत त्याला ती शब्द पुरविते. तेथे ठरीवपणा हा दोष नसून आधार असतो.

परंतु मृत्यू विद्यापीठाच्या आवारातच, वर्ग चालू असताना, कोणी झाडलेल्या गोळीने आला असेल तर हीच भाषा अडखळते. ‘काळाने घाला घातला’ असे तेथे म्हणता येईल काय? घाला काळाने घातलेला नसतो, माणसाने घातलेला असतो. ‘आम्ही शोक व्यक्त करतो’ या वाक्यातील ‘आम्ही’ कोण? मारणाराही त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी असेल तर तो या ‘आम्ही’त धरावयाचा की नाही? आणि बत्तीस माणसे गेली असता ‘बत्तीस’ हा शब्द उच्चारल्याने कोणाचे स्मरण होते?

प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांचा विचार सर्वनाम, नाम आणि क्रियापद या तीन शब्दजातींच्या आधारे करण्याचा प्रयत्न आहे. मुख्य उदाहरण म्हणून १६ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात झालेला गोळीबार आणि त्यानंतरचे स्मरण घेतले आहे. तुलनेसाठी मॉन्ट्रियल (१९८९), केंट स्टेट (१९७०) आणि ऑस्टिन (१९६६) येथील घटनांचा आधार घेतला आहे. शोकाचे व्याकरण मांडणे काहींना कोरडेपणाचे वाटण्याचा संभव आहे. तथापि अशा प्रसंगी जे वाद झाले ते बव्हंशी शब्दांवरून झाले, आणि ते शब्द मृतांच्या आप्तांना अतिशय महत्त्वाचे वाटले, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट व्हावे.

एक खुलासा आरंभीच करणे अगत्याचे आहे. या लेखात मारेकऱ्यांची नावे दिलेली नाहीत. मृत विद्यार्थ्यांचीही नावे दिलेली नाहीत, पण त्यामागील कारण अगदी वेगळे आहे. ती नावे दगडावर कोरलेली आहेत आणि दरवर्षी मोठ्याने उच्चारली जातात. अभ्यासलेखात ‘उदाहरण’ म्हणून ती वापरणे उचित वाटत नाही.

२. घटना

व्हर्जिनिया राज्यातील ब्लॅक्सबर्ग या गावी हे विद्यापीठ आहे. त्या सोमवारी सकाळी सव्वासातच्या सुमारास एका वसतिगृहात दोघांचा बळी गेला. त्यानंतर सुमारे अडीच तासांनी नॉरिस हॉल या अभियांत्रिकीच्या इमारतीत तीस जणांना ठार करण्यात आले. एकूण बत्तीस मृतांपैकी २७ विद्यार्थी आणि ५ अध्यापक होते. मारेकरी त्याच विद्यापीठाचा, इंग्रजी विषयाचा विद्यार्थी होता. त्याने अखेरीस स्वतःवर गोळी झाडून घेतली.

नॉरिस हॉलच्या दुसऱ्या मजल्यावर त्या तासाला कोणते वर्ग भरले होते ते लक्षात घेण्यासारखे आहे. एका खोलीत जलविज्ञान, एका खोलीत घनपदार्थांचे यामिकशास्त्र, एका खोलीत प्राथमिक जर्मन आणि एका खोलीत फ्रेंच. म्हणजे यांपैकी दोन वर्ग भाषेचे होते. परकी भाषा शिकणारा विद्यार्थी क्रियापदाची रूपे चालवीत असतो, चुकतो, हसतो, पुन्हा म्हणून पाहतो. भाषेच्या कोणत्याही शिक्षकाला तो तास डोळ्यांसमोर आणणे अवघड जाऊ नये.

जलविज्ञानाचा वर्ग प्रा. जी. व्ही. लोगनाथन घेत होते. ते मूळचे तमिळनाडूचे. त्यांच्या वर्गातील मृतांत मुंबईहून वास्तुविद्येची पदवी घेऊन पुढील शिक्षणासाठी गेलेली एक विद्यार्थिनी होती. यामिकशास्त्राचा वर्ग घेणारे प्रा. लिव्हिऊ लिब्रेस्कू मूळचे रुमानियाचे, पुढे इस्रायलमध्ये गेलेले आणि तेथून अमेरिकेत आलेले. ते ७६ वर्षांचे होते आणि नाझी काळातील यहुदी संहारातून बालपणी वाचलेले होते. विद्यार्थ्यांना खिडकीतून उड्या मारता याव्यात म्हणून त्यांनी वर्गाचे दार आतून रेटून धरले आणि त्यातच त्यांना मृत्यू आला. त्या संहाराच्या स्मरणासाठी यहुदी समाजाने नेमलेला दिवस त्या वर्षी नेमका त्याच तारखेला होता. मृतांत इंडोनेशिया, इजिप्त, पेरू आणि कॅनडा येथून आलेलेही होते. ‘आम्ही’ या शब्दाची व्याप्ती पाहताना हा तपशील विसरून चालणार नाही.

३. सर्वनाम : ‘आम्ही’ की ‘आपण’

दुसऱ्या दिवशी, १७ एप्रिलला, विद्यापीठाच्या क्रीडागृहात शोकसभा झाली. राष्ट्राध्यक्ष बोलले, राज्यपाल बोलले, निरनिराळ्या धर्मांचे प्रतिनिधी बोलले. सभेचा समारोप निकी जोव्हानी या कवयित्रीने केला. जोव्हानी (१९४३–२०२४) कृष्णवर्णीयांच्या साहित्यचळवळीतून पुढे आलेल्या नामवंत कवयित्री होत्या आणि त्याच विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात प्राध्यापक होत्या. येथे आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. मारेकरी २००५ साली त्यांच्या वर्गात होता. त्याच्या लेखनामुळे आणि वर्तनामुळे वर्गात भीतीचे वातावरण निर्माण झाल्याने, त्याला आपल्या वर्गातून काढावे असा आग्रह त्यांनी धरला होता. मृतांच्या शोकाला शब्द देणारी व्यक्ती मारणाऱ्याचे शब्दही वाचून बसलेली होती.

त्यांचे निवेदन गद्य आणि पद्य यांच्या सीमेवरचे आहे. त्याची सगळी बांधणी एका सर्वनामावर उभी आहे. ‘आम्ही म्हणजेच हे विद्यापीठ’ अशा आशयाचे पालुपद त्यात पुनःपुन्हा येते. मृतांपैकी एकाचेही नाव त्यात नाही, मारेकऱ्याचेही नाही. इंग्रजीत या सर्वनामाचे रूप एकच आहे. मराठीत मात्र दोन आहेत. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा वगळला जातो, ‘आपण’मध्ये तो सामावला जातो. ‘आम्ही निघतो’ आणि ‘आपण निघू या’ यांतील भेद लहान मुलालाही कळतो. त्यामुळे हे निवेदन मराठीत आणू पाहणाऱ्याला प्रत्येक ओळीपाशी थांबून एक निर्णय घ्यावा लागेल, आणि हा निर्णय घेताना मूळ निवेदनाची एक महत्त्वाची हालचाल त्याच्या ध्यानी येईल.

आरंभीचे सर्वनाम निःसंशय ‘आम्ही’ आहे. ज्यांचे गेले ते बोलत आहेत, आणि बाहेरचे जग, कॅमेरे, पाहुणे हे सारे ऐकणारे आहेत. ‘आम्ही’ दुःखी आहोत, इतक्यात सावरणार नाही, असे ते सांगते. पण मध्यावर निवेदन अचानक दूर जाते. असे दुःख भोगावे असे ‘आम्ही’ काही केलेले नाही, असे म्हणून ते तेथेच थांबत नाही. आफ्रिकेत एड्सने मरणारे मूल, सैनिकांच्या टोळ्यांना चुकविण्यासाठी रात्रभर चालणारी मुले, हस्तिदंतासाठी ज्याचा कळप मारला गेला ते हत्तीचे पिल्लू, या कोणीही असे काही केलेले नव्हते, असे ते सांगते. म्हणजे शोकाच्या दुसऱ्याच दिवशी, स्वतःच्या मृतांची नावेही नीट लागलेली नसताना, ही कवयित्री परक्यांच्या मृतांना सभेत आणून बसविते. येथे मराठी अनुवादकाला ‘आपण’ वापरावे लागेल. ‘आम्ही’चे कुंपण मोडून ‘आपण’पर्यंत जाणे हेच त्या निवेदनाचे खरे कर्तृत्व आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

शेवटी मात्र ते पुन्हा ‘आम्ही’कडे वळते. आम्ही यातून तरून जाऊ, असा निर्धार ते करते. सभा उठून उभी राहिली आणि खेळाच्या मैदानावर दिल्या जाणाऱ्या घोषणा तेथे दुमदुमल्या. रसविचाराच्या परिभाषेत सांगायचे तर शोक या स्थायीभावाकडून उत्साहाकडे, म्हणजे करुणाकडून वीराकडे, हे संक्रमण झाले. भरतमुनींनी करुण आणि विप्रलंभ यांतील भेद सांगताना करुणाला निरपेक्ष म्हटले आहे. विरहात पुनर्भेटीची अपेक्षा असते, मरणशोकात ती नसते. ज्याचे मूल गेले त्याचा शोक या अर्थाने निरपेक्ष असतो. ‘आम्ही तरून जाऊ’ या वाक्यात त्याचे मूल बसत नाही, कारण ते तरून गेलेले नाही.

यावरून निवेदन सदोष आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. हजारो भेदरलेल्या तरुणांना त्या दिवशी पायांवर उभे करणे आवश्यक होते आणि ते काम त्या शब्दांनी केले. मात्र समूहाचे सर्वनाम कितीही उदार असले तरी त्यात एकेकट्या मृताला जागा नसते. ती जागा नामाने द्यावी लागते.

४. नाम : बत्तीस की एकेक

गोळीबारानंतर लगेचच विद्यार्थ्यांच्या एका गटाने विद्यापीठाच्या मधल्या विस्तीर्ण मैदानावर, प्रशासकीय इमारतीसमोर, बत्तीस दगड अर्धवर्तुळात मांडून ठेवले. हा दगड त्या परिसरातीलच आहे. विद्यापीठाच्या बहुतेक इमारती त्याच दगडाच्या आहेत. ही मांडणी कोणा वास्तुकाराने योजलेली नव्हती, कोणत्या समितीने मंजूर केलेली नव्हती. पण तिचा अर्थ सर्वांना कळला. पुढे विद्यापीठाने तीच कल्पना स्वीकारली. प्रत्येक मृताचे नाव कोरलेले बत्तीस दगड, त्याच जागी, त्याच अर्धवर्तुळात बसविण्यात आले आणि १९ ऑगस्ट २००७ रोजी, नव्या सत्राच्या तोंडावर, ते स्मारक अर्पण करण्यात आले.

येथे संख्या आणि नाम यांचे नाते पाहण्यासारखे आहे. वृत्तपत्रांत ‘बत्तीस ठार’ असे छापले जाते तेव्हा बत्तीस हे संख्याविशेषण असते आणि ज्याचे ते विशेषण आहे ते नाम बहुधा गळालेलेच असते. मैदानावरील दगडांत संख्या आहे, परंतु ती मोजावी लागते. पाहणाऱ्याला एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत चालत जावे लागते आणि प्रत्येक नावापाशी वाकावे लागते. एका नजरेत सारी नावे वाचता येत नाहीत, एका वेळी एकच वाचता येते. वार्षिक स्मरणाची रीतही तशीच आहे. मध्यरात्री ज्योत पेटविली जाते आणि ती दिवसभर तेवत ठेवली जाते, प्रत्येकाचे नाव उच्चारून त्याचा थोडक्यात परिचय वाचला जातो. शोकसभेतील ‘आम्ही’ला जे साधले नाही ते ही रीत साधते. वाचनाला वेळ लागतो आणि तो वेळ लागणे हाच त्या विधीचा गाभा आहे.

या दगडांविषयी एक वाद झाला. आरंभीच्या दिवसांत एका विद्यार्थिनीने मूळ मांडणीत तेहतिसावा दगड आणून ठेवला. तो मारेकऱ्यासाठी होता. तोही याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता, त्यालाही घर होते, त्याच्याही घरी शोक होता, अशी तिची भूमिका होती. तो दगड कोणी तरी उचलून नेला, नंतर तेथे पुन्हा तसा दगड ठेवलेला दिसला. अंतिम स्मारकात मात्र बत्तीसच दगड आहेत.

तेहतिसाव्या दगडाचा प्रश्न क्षुल्लक म्हणून सोडून देता येत नाही. तो दगड ठेवणाऱ्या मुलीने सर्वनामाचे तर्कशास्त्र शेवटपर्यंत नेले होते. ‘आम्ही म्हणजे हे विद्यापीठ’ असे म्हटले तर त्या ‘आम्ही’तून नावनोंदणी झालेल्या एका विद्यार्थ्याला कोणत्या नियमाने वगळावे? तिची करुणा खरी होती यातही शंका नाही. परंतु स्मारकावरील नामांची यादी ही ‘आम्ही’ची यादी नसते. ज्यांच्यावर कृती झाली त्यांची ती यादी असते. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर दगडावरची बत्तीस नावे एका वाक्याची कर्मे आहेत, आणि तेहतिसावे नाव त्याच वाक्याचा कर्ता आहे. दोघांना एकाच ओळीत, सारख्याच दगडावर मांडले की वाक्याचाच लोप होतो आणि केवळ मृत्यू उरतो. म्हणून बत्तीस हा निर्णय योग्य होता, असे आम्हांस वाटते.

मग तेहतिसाव्याची जागा कोठे? त्याची जागा दुसऱ्या वाङ्मयप्रकारात आहे. राज्यपालांनी नेमलेल्या चौकशी मंडळाचा अहवाल ऑगस्ट २००७ मध्येच, स्मारक अर्पण झाल्यानंतर थोड्याच दिवसांत, प्रसिद्ध झाला. त्यात या विद्यार्थ्याच्या आजाराचा, त्याच्याविषयी निरनिराळ्या ठिकाणी साठलेल्या परंतु एकत्र न आलेल्या माहितीचा, खासगीपणाविषयीच्या कायद्यांच्या चुकीच्या आकलनाचा सविस्तर ऊहापोह आहे. इंग्रजी विभागाच्या तत्कालीन प्रमुख ल्युसिंडा रॉय यांनी जोव्हानींच्या वर्गातून काढलेल्या या विद्यार्थ्याला स्वतः एकट्याने शिकविले होते आणि त्याच्याविषयीची काळजी संबंधितांच्या कानावर घातली होती. २००९ साली त्यांनी या अनुभवावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. मौन बाळगण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे सांगणारे त्याचे शीर्षकच पुरेसे बोलके आहे. श्रद्धांजली आणि चौकशी हे शोकाचे दोन निराळे प्रकार आहेत. पहिल्यात मारणाऱ्याला जागा नसावी, दुसऱ्यात ती असलीच पाहिजे. पहिल्याच्या जोरावर दुसरा टाळला गेला तर ती श्रद्धांजलीही अपुरी राहते.

५. क्रियापद : घडले की केले

आता तिसऱ्या आणि सर्वांत नाजूक प्रश्नाकडे वळू. मराठीत एकच मृत्यू अनेक क्रियापदांनी सांगता येतो. ‘विद्यार्थी मरण पावले’ या वाक्यात मारणारा नाही. ‘विद्यार्थी मारले गेले’ या कर्मणी रचनेत तो आहे, पण पडद्याआड आहे. ‘अमुक व्यक्तीने विद्यार्थ्यांना मारले’ यात तो समोर उभा आहे. आणि ‘एक दुःखद घटना घडली’ या वाक्यात मारणाराही नाही आणि मेलेलेही नाहीत, केवळ घडणे आहे. शोकप्रस्तावांना हे शेवटचे क्रियापद फार प्रिय असते. ‘काळाने घाला घातला’ या आपल्या वाक्प्रचारात तर कर्त्याच्या जागी खुद्द काळालाच नेऊन बसविले आहे.

हे क्रियापद किती महाग पडू शकते याचे एक उदाहरण व्हर्जिनिया टेकमध्येच सापडते. वसतिगृहातील पहिल्या गोळीबारानंतर विद्यापीठाने सर्वांना पाठविलेला पहिला विद्युत्संदेश सकाळी ९ वाजून २६ मिनिटांनी गेला. वसतिगृहात गोळीबाराची घटना घडली असून पोलीस तपास करीत आहेत, सर्वांनी सावध राहावे, असा त्याचा आशय होता. दोघांचा खून झाला आहे आणि मारणारा सापडलेला नाही, हे त्यात नव्हते. हा प्रकार दोन व्यक्तींमधील खासगी भांडणातून झाला असावा आणि संशयित आवाराबाहेर गेला असावा, असा त्या वेळी पोलिसांचा समज होता, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. पण सुमारे अर्ध्या तासातच नॉरिस हॉलमधील तीस जण गेलेले होते. चौकशी मंडळाने संदेशाच्या विलंबावर आणि त्याच्या अपुरेपणावर टीका केली. वेगळ्या वाक्याने किती जण वाचले असते हे कोणालाही सांगता येणार नाही. तरीही ज्या वाक्यात कर्ता नाही ते वाक्य वाचून कोणी दाराला कडी घालत नाही, एवढे तरी म्हणता येईल.

मॉन्ट्रियलचे उदाहरण याहून अधिक स्पष्ट आहे. ६ डिसेंबर १९८९ रोजी तेथील इकोल पॉलिटेक्निक या अभियांत्रिकी महाविद्यालयात एका बंदूकधाऱ्याने वर्गात शिरून स्त्रिया आणि पुरुष यांना वेगळे केले, पुरुषांना बाहेर जाण्यास सांगितले आणि आपण स्त्रीवाद्यांचा द्वेष करतो असे म्हणून स्त्रियांवर गोळ्या झाडल्या. एकूण चौदा स्त्रिया ठार झाल्या. त्यांपैकी बारा अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनी होत्या, एक परिचर्येची विद्यार्थिनी होती आणि एक संस्थेत नोकरी करणारी होती. मारणाऱ्याने आपला हेतू स्वतःच्या तोंडाने सांगितला होता, तरीही ही एका वेड्याची एकाकी कृती मानावी की स्त्रियांविरुद्धचा हिंसाचार मानावा, असा वाद तेथे दीर्घकाळ चालला. कॅनडाच्या संसदेने १९९१ साली ६ डिसेंबर हा स्त्रियांवरील हिंसाचाराच्या संदर्भातील स्मरणाचा आणि कृतीचा राष्ट्रीय दिवस म्हणून मान्य केला. परंतु शहरात या दिवसाच्या नावाने जो स्मृतिचौक करण्यात आला, तेथील माहितीफलकावर ‘दुःखद घटना’ अशाच अर्थाचा उल्लेख होता. चौदा स्त्रियांची हत्या झाली हे तो फलक उघडपणे सांगत नव्हता. तिसाव्या वर्षी, २०१९ साली, तो बदलण्यात आला. चौदा स्त्रियांची हत्या आणि ती करणारा स्त्रीवादविरोधी हल्ला, असे शब्द नव्या फलकावर आले. नवी माहिती उजेडात आल्यामुळे हा बदल झाला नव्हता. सर्व तपशील पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. ‘घडली’पासून ‘केली’पर्यंतचे अंतर कापण्यास तीस वर्षे लागली, एवढेच.

केंट स्टेटच्या बाबतीत कर्ता व्यक्ती नव्हता, शासन होते. ४ मे १९७० रोजी ओहायो राज्याच्या नॅशनल गार्डच्या सैनिकांनी युद्धविरोधी निदर्शनांच्या वेळी १३ सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थी ठार झाले, नऊ जखमी झाले. ठार झालेल्यांपैकी दोघे निदर्शनांत सहभागीही नव्हते. १९७९ साली न्यायालयीन तडजोड झाली तेव्हा प्रतिवादींनी एका निवेदनावर स्वाक्षऱ्या केल्या. मागे वळून पाहता ती शोकांतिका घडावयास नको होती, असा त्याचा भाव होता. घडणे हेच क्रियापद येथेही आहे. खेद आहे, पण खेद कोणाच्या कृतीचा, ते वाक्य सांगत नाही. विद्यापीठाच्या वार्षिक स्मरणात मात्र जे वाक्यात नाही ते जागेने भरून काढले आहे. रात्री मूक मिरवणूक निघते आणि वाहनतळावर ज्या चार जागी ते चौघे पडले तेथे लोक पाळीपाळीने मेणबत्त्या घेऊन उभे राहतात. गोळ्या दुपारी ज्या वेळी सुटल्या त्या वेळेपर्यंत हा पहारा चालतो. त्या जागांवर वाहने उभी राहू नयेत म्हणून १९९९ साली त्या कायमच्या आखून राखून ठेवण्यात आल्या. ‘येथे’ हे साधे क्रियाविशेषण तेथे साऱ्या वाक्याचा भार वाहते.

६. मौन

वाक्यच न उच्चारणे हाही एक पर्याय असतो. ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाने दीर्घकाळ तोच स्वीकारला. १ ऑगस्ट १९६६ रोजी तेथील मनोऱ्यावरून एकाने खालच्या माणसांवर गोळ्या झाडल्या. एका गर्भवती स्त्रीच्या पोटातील बाळ त्यात गेले. त्या दिवशी जखमी झालेल्यांपैकी एक जण त्याच जखमेच्या परिणामाने २००१ साली, म्हणजे ३५ वर्षांनी, निवर्तला. मृतांची संख्या किती, याचेही उत्तर त्यामुळे मोजणाऱ्यागणिक बदलत गेले. मनोरा विद्यापीठाचे मानचिन्ह होता. त्याच्या पायथ्याशी एक बाग १९९९ साली स्मरणार्थ नेमली गेली, लहानसा फलक २००७ साली आला, आणि मृतांची नावे कोरलेली ग्रॅनाइटची शिळा बसविण्यासाठी १ ऑगस्ट २०१६ हा पन्नासावा स्मृतिदिन उजाडावा लागला. त्या दिवशी मनोऱ्याचे घड्याळ ११ वाजून ४८ मिनिटांनी थांबविण्यात आले आणि ते २४ तास थांबलेलेच राहिले.

दोन मिनिटांची स्तब्धता आणि पन्नास वर्षांचे मौन यांत जातीचाच फरक आहे. पहिले मौन बोलण्यानंतर येते आणि बोललेल्या नावांना अवकाश देते. दुसरे मौन बोलण्याच्या जागी येते आणि ज्यांना बोलावयाचे होते त्यांनाही एकाकी करते. वाचलेल्यांना आपण जे पाहिले ते खरोखरच घडले काय, असे वाटू लागावे इतके ते दीर्घ असू शकते.

७. समारोप

वरील विवेचनाचे सार थोडक्यात असे मांडता येईल. सामुदायिक शोकाचे सर्वनाम जेव्हा ‘आम्ही’कडून ‘आपण’कडे जाते तेव्हा तो शोक परक्यांच्या दुःखाला आपल्यात घेऊ शकतो, परंतु एकेकट्या मृताला त्यात जागा मिळत नाही. ती जागा नाम देते आणि त्यासाठी नावे एकामागून एक, वेळ देऊन, उच्चारावी लागतात. आणि सर्वनाम व नाम दोन्ही योग्य असूनही क्रियापद चुकले तर स्मरण खोटे ठरते. मृतांना शांती लाभो असे आपण म्हणतो, पण त्यांना कोणी आणि का मारले हे वाक्यातून गाळून ती शांती देता येत नाही.

नॉरिस हॉलच्या त्या मजल्याचे पुढे काय झाले, ते सांगून हा लेख संपवितो. तो भाग २००९ साली नव्या रूपात उघडण्यात आला. तेथे शांतता-अभ्यास आणि हिंसाप्रतिबंध यांसाठीचे केंद्र आले. या केंद्राचे पहिले संचालक त्याच विद्यापीठात उद्यानविद्या विभागाचे प्रमुख होते. त्यांची पत्नी त्या सकाळी त्याच मजल्यावर फ्रेंचचा वर्ग घेत होती आणि त्या वर्गातच ती मारली गेली. ज्या खोल्यांत ते वाक्य अर्धवट राहिले होते त्याच खोल्यांत ते पुढे नेण्याचे काम एका माणसाने पत्करले. ‘कधीही भरून न येणारी पोकळी’ हा शब्दप्रयोग आपण शोकप्रस्तावात सहज लिहून जातो. ती पोकळी भरत नाही हे खरेच आहे. तिच्यात वर्ग मात्र भरविता येतो.

पुढील वेळी शोकप्रस्तावाचा मसुदा आपल्या टेबलावर येईल तेव्हा त्यातील प्रत्येक सर्वनाम, प्रत्येक नाव आणि विशेषतः प्रत्येक क्रियापद तपासून पाहावे, एवढीच भाषेच्या अध्यापकांना विनंती.